एसीएलचं ऑपरेशन : "नऊ महिने थांब" हे कुणी शिकवलं?

पशुवैद्य_सातारा

भाचा माझ्याकडे शिकायला आहे. कॉलेजच्या संघातून कबड्डी खेळतो, कोपऱ्यात उभा राहतो. नोव्हेंबरात चढाईवाल्याचा घोटा धरताना याचाच गुडघा आत पिळवटला. पटकन आवाज आला आणि तासाभरात गुडघा नारळाएवढा सुजला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे सांध्याच्या आत मांडीचं हाड नडगीला बांधून ठेवणारी दोरी (लिगामेंट), पूर्ण तुटलेली दिसली. जानेवारीत दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. मांडीमागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूचा टेंडन (स्नायू हाडाला बांधणारा पट्टा) काढून त्याची नवी लिगामेंट बसवली.

तीन महिने झाल्यावर साहेब म्हणतात, "मामा, पाय एकदम ठणठणीत आहे. जिना पळत चढतो. डॉक्टर नऊ महिने मॅटवर जायचं नाही म्हणतात, उगाच घाबरवतात."

मी पशुवैद्य आहे. परळच्या कॉलेजात शिकलो, गेली वीस वर्षं जनावरांची हाडं आणि सांधे हाताळतोय. कागदावर चित्र काढून दाखवलं असतं तर त्याने मान डोलावली असती आणि दुसऱ्या दिवशी मैदान गाठलं असतं. म्हणून रविवारी मटणवाल्याला सांगितलं, बोकडाची मागची तंगडी दे, पण वरचा सांधा फोडू नकोस. (लोक ज्याला शेळीचा मागचा गुडघा समजतात तो मागे वळणारा सांधा म्हणजे तिचा घोटा. खरा गुडघा वर, पोटाला लागून असतो.)

मागच्या ओट्यावर पेपर पसरला आणि सांधा उघडला. आधी वाटी, तिच्याखाली पिवळी चरबी. सांध्यातलं वंगण अंड्याच्या पांढऱ्यासारखं, दोन बोटांत धरून ओढलं की तार निघते. चरबी बाजूला केल्यावर आत ती दिसली: पांढरी, चमकदार, किंचित पीळ घातलेली दोरी. मांडीच्या हाडाच्या मागच्या अंगाने निघून नडगीच्या हाडात पुढच्या बाजूला रुतलेली. भाच्याला म्हटलं, वरचं हाड घट्ट धर आणि नडगी पुढे ओढ. हलेना. मग ब्लेडने फक्त ती दोरी कापली. आता ओढ म्हटलं. नडगी टेबलाच्या खणासारखी पुढे सरकली. तो बराच वेळ पुढे-मागे करून बघत बसला.

मग त्याला पुढचं सांगितलं, तेच इथे लिहितोय. कारण हा प्रश्न घेऊन बरीच मुलं आणि त्यांचे आईवडील बसलेले असतात.

टेंडन जिथून कापून काढला तिथेच त्याचा रक्तपुरवठा तुटला. म्हणजे गुडघ्यात बसवतात तेव्हा हा तुकडा, ज्याला ग्राफ्ट म्हणतात, मजबूत पण निर्जीव पट्टा असतो. त्याचं पुढे काय होतं हे माणसाच्या गुडघ्यात दर पंधरवड्याला बघता येत नाही. ते बघितलं प्राण्यांत. १९८२ साली स्टीव्हन अर्नोक्झी या पशुवैद्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांत वाटीखालच्या टेंडनचा भाग एसीएलच्या जागी बसवला आणि ठरावीक आठवड्यांनी रक्तवाहिन्या तपासल्या. सुरुवातीला ग्राफ्टमध्ये रक्त अजिबात नाही. सहा आठवड्यांनी त्याच्याभोवती रक्तवाहिन्यांची साय धरलेली. त्या वाहिन्या दोन्ही टोकांकडून मध्यापर्यंत पोचायला वीस आठवडे लागले. १९८६ मध्ये अमियल आणि मंडळींनी सशांत दाखवलं की ग्राफ्टमधल्या जुन्या पेशी मरतात, नव्या येऊन वस्ती करतात, आणि तीस आठवड्यांच्या आसपास टेंडनच्या कोलॅजेनचा (ज्या प्रथिनाचे त्याचे धागे असतात त्याचा) प्रकारसुद्धा लिगामेंटसारखा होतो. टेंडनची लिगामेंट होते. या बदलाला त्यांनी "लिगामेंटायझेशन" म्हटलं आणि तो शब्द आजही चालतो.

खरी गोम मधल्या काळात आहे. जुनी वीण सुटलेली असते आणि नवी अजून बसलेली नसते. बर्लिनच्या वायलर, शेफलर वगैरे मंडळींनी मेंढ्यांत टप्प्याटप्प्याने हे मोजलं. ग्राफ्ट सगळ्यांत कच्चा सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमाराला निघाला. बसवला त्या दिवशीपेक्षाही कच्चा!

दुसरी जागा म्हणजे बोगदा. हाडात भोक पाडून त्यात टेंडन ओवतात. तो हाडाला धरतो कधी? १९९३ साली न्यूयॉर्कच्या स्कॉट रोडिओ यांनी २० कुत्र्यांत टेंडन हाडाच्या बोगद्यात बसवून नंतर तो ओढून पाहिला. दोन, चार आणि आठ आठवड्यांना प्रत्येक वेळी टेंडन बोगद्यातून उपसून आला. बारा आणि सव्वीस आठवड्यांना मात्र बोगद्यातून सुटला नाही. तो यंत्राच्या चिमट्यातून निसटला किंवा मध्येच तुटला. मधल्या काळात कोलॅजेनचे बारीक धागे टेंडनमधून हाडात शिरून मुळं धरतात. इथे सांगायला हवं की हा टेंडन सांध्याच्या बाहेरचा होता. सांध्यात वंगणाची ओल आणि सततची हालचाल असते, तिथे काम आणखी अवघड.

भाच्याला पाय ठणठणीत वाटतो तो टाके भरले, सूज उतरली, मांडीत थोडी ताकद आली म्हणून. आतला ग्राफ्ट त्याला काही कळवू शकत नाही, कारण कापून आणलेल्या त्या पट्ट्याच्या नसाही तुटलेल्या असतात.

प्राण्यांचे आठवडे माणसाला जसेच्या तसे लावायचे नाहीत. माणसांच्या गुडघ्यातून पुन्हा दुर्बीण घालताना घेतलेले तुकडे तपासले तेव्हा हाच क्रम दिसला, पण संथ. वर्षभर आणि त्याहून जास्तही चालणारा. नऊ महिन्यांचा आकडा माणसांतूनच आलाय. ऑस्लोच्या संशोधकांच्या गटाने शंभरावर रुग्णांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं आणि २०१६ मध्ये मांडलं की नवव्या महिन्यापर्यंत खेळ जितका लांबवला तितकी, दर महिन्याला साधारण निम्म्याने, पुन्हा दुखापत कमी झाली.

प्रश्न विचारा. जमेल तितकं सांगतो.

अनघा_फिजिओ

दादा, हे लिहिलंत हे फार बरं केलंत. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पेशंट यायचे बंद होतात. दुखत नाही, मग कशाला यायचं! आणि नेमक्या त्याच वेळी मला ते समोर हवे असतात.

एक भर घालते. लोक दोन टोकांना जातात. काही जण पळायला लागतात, काही जण घाबरून पाय गादीवरून खाली ठेवत नाहीत. दुसरंही चूकच. रोडिओंच्याच प्रयोगशाळेत उंदरांवर एक काम झालं, २०१० साली छापून आलं. ऑपरेशननंतर उंदराच्या पायाला बाहेरून चौकट लावली, म्हणजे गुडघ्यावर किती भार द्यायचा आणि कधी, हे माणसाच्या हातात राहिलं. काहींना लगेच भार दिला, काहींना दहा दिवसांनी सुरू केला, काहींचा पाय जखडूनच ठेवला. टेंडन हाडाला सगळ्यांत चांगला धरला तो दहा दिवस थांबून मग भार दिलेल्यांचा. लगेच भार दिलेले आणि जखडून ठेवलेले, दोघेही मागे पडले.

उंदराचे दहा दिवस म्हणजे आपले किती, असं मला कुणीतरी विचारतंच. तसा हिशेब मांडता येत नाही. पण पहिले काही दिवस दाहाचे असतात, ते शांत होऊ द्यायचे आणि मग बेताबेताने भार वाढवायचा, ही दिशा त्यातून मिळते. मांडीच्या पुढच्या स्नायूची (क्वाड्रिसेप्सची) ताकद, दुसऱ्या पायाच्या तुलनेत एका पायावरची उडी, दिशा बदलून थांबणं, हे सगळं मोजल्याशिवाय मी कुणालाही मैदानाचं नाव काढू देत नाही.

रानवारा

माहिती चांगली आहे, पण वाचताना घशात काहीतरी अडकलं. २० कुत्री. ससे. मेंढ्या. या सगळ्यांचं पुढे काय झालं हो? ते तुम्ही लिहिलं नाहीत. आमच्या घरी रस्त्यावरून आणलेली दोन कुत्री आहेत, म्हणून विचारतेय. राग नाही.

पशुवैद्य_सातारा

रानवारा ताई, विचारलंत ते योग्यच आहे आणि मी ते टाळायला नको होतं. त्यांना मारलं. भूल देऊन, वेदना न होता, पण मारलं. ग्राफ्ट किती धरलाय हे कळायला गुडघा बाहेर काढून दोन्ही हाडं यंत्राच्या चिमट्यांत पकडून लिगामेंट तुटेपर्यंत ओढावी लागते. किती जोराला तुटली, मध्ये तुटली की हाडातून उपसली, हे बघायचं. उरलेल्या गुडघ्यांचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. जिवंत ठेवून हे मोजायचा मार्ग त्या काळी नव्हता, आणि आजही एमआरआय त्या मापनाच्या जवळ येतो, त्याची जागा घेत नाही.

मी स्वतः जनावर बरं करण्यासाठी या धंद्यात आलो. शिकताना हे निबंध वाचताना प्रत्येक तक्त्यात "प्राणी : इतके" हा रकाना असायचा आणि तो वाचताना मी दरवेळी थांबायचो. अजूनही थांबतो. भाच्याला सांगताना मुद्दाम आकड्यासकट सांगितलं. त्याचा पाय ज्या माहितीवर उभा आहे ती कुठून आली हे त्याला माहीत असलं पाहिजे.

नियमांचं सांगतो. आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे आणि त्याखाली १९९८ चे प्रयोगांचे नियम. प्रत्येक संस्थेत प्राणी नैतिकता समिती लागते. उंदीर-ससा असेल तर ती समिती बघते, शेळी-मेंढी-कुत्रा असेल तर प्रस्ताव केंद्राच्या समितीकडे जातो. तिचं नाव आधी सीपीसीएसईए होतं, आता सीसीएसईए. प्राण्याशिवाय होणार असेल तर प्राणी नको, कमीत कमी वापरा, वेदना कमीत कमी ठेवा, ही तीन सूत्रं रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडली. आपल्या नियमांनी त्यात चौथं घातलं: प्रयोगानंतर प्राण्याचं पुनर्वसन. गुडघ्याच्या या प्रयोगांत मात्र ते सूत्र सहसा लागू पडत नाही, कारण मोजमापच गुडघा काढून होतं.

माकडांवरही झालंय हे. क्लॅन्सी यांनी १९८१ मध्ये ऱ्हीसस माकडांत दोन्ही क्रूसिएट लिगामेंटची (एसीएल आणि तिला आडवी जाणारी पीसीएल) पुनर्रचना केली होती. आता या कामाला माकड सहसा वापरत नाहीत, आणि ते बरंच झालं.

गणेश_एम

माझा प्रश्न यांत्रिकी अंगाने. ताकदच मोजायची तर मृत माणसांच्या दान केलेल्या गुडघ्यावर किंवा संगणकावर मोजा की. आणि टेंडनऐवजी कृत्रिम दोरी का नाही? नायलॉनची वादी टनांनी वजन उचलते.

पशुवैद्य_सातारा

गणेश, पहिलं बरोबर आहे आणि तसं होतंच. माणसाची एसीएल किती ताण सोसते हा आकडा दान केलेल्या गुडघ्यांतूनच आला. वू यांच्या १९९१ च्या कामात तरुण गुडघ्यांत सरासरी २१६० न्यूटन निघाले, म्हणजे साधारण २२० किलो वजन टांगण्याएवढे. साठीपुढच्या गुडघ्यांत ६५८. स्क्रू कोणता, बोगदा कुठे पाडायचा, ग्राफ्ट किती ताणायचा, हे मृत गुडघ्यावर आणि संगणकावर छान कळतं. त्यासाठी प्राणी वापरायची गरज नाही. पण मृत गुडघा भरून येत नाही. सहाव्या आठवड्याचा कच्चेपणा त्यात दिसणारच नाही.

दुसऱ्याचं उत्तर इतिहासानेच दिलंय. टेफ्लॉनच्या जातीची एक कृत्रिम लिगामेंट अमेरिकेत १९८६ मध्ये मंजूर झाली होती. ओढून पाहिली तर माणसाच्या एसीएलच्या दुपटीहून जास्त ताकद. माणसाच्या गुडघ्यात बसल्यावर ती हाडाच्या कडेवर घासून झिजू लागली, सैल पडली, सांध्यात पाणी भरू लागलं. १९९३ मध्ये ती बाजारातून गेली. त्याआधी कार्बनच्या धाग्यांचा प्रयोग झाला होता. मेंढ्यांत आशा वाटली, माणसांत धागे तुटून सांध्याचं आतलं अस्तर काळं पडलं. निर्जीव दोरी पहिल्या दिवशी जेवढी असते तेवढीच असते, पुढे फक्त झिजते. टेंडन आधी खचतो, पण त्यात पेशी येतात आणि तो स्वतःला दुरुस्त करत राहतो.

इथे प्राण्याची मर्यादाही दिसते. मेंढी माणसासारखी गुडघा सरळ करून उभी राहत नाही, कायम वाकवूनच चालते. धावताना एका पायावर गर्रकन वळत नाही. तिच्या गुडघ्यात एक जास्तीचा टेंडनही सांध्यातूनच जातो, बोकडाच्या सांध्यात तो आम्हाला परवा दिसला. आणि तिला कुबड्या देता येत नाहीत. भूल उतरली की उठून उभीच राहते.

वेणू

मुलीच्या वेळी कुणीतरी म्हणालं होतं की तुटलेली लिगामेंटच शिवून टाकता येते, ग्राफ्ट लागत नाही. आणि ते रक्तातून प्लेटलेट काढून इंजेक्शन देतात ना, पीआरपी, त्यानेही भरून येते म्हणे. यात तथ्य आहे का?

पशुवैद्य_सातारा

वेणू, यातला एक भाग मला सगळ्यांत आवडतो, जरा सविस्तर लिहितो.

गुडघ्याच्या आतल्या कडेची, पण सांध्याच्या बाहेर असलेली एमसीएल ही लिगामेंट तुटली तर बहुतेक वेळा आपली आपण भरते. एसीएल भरत नाही. का? बाहेरच्या जखमेत रक्त साकळतं आणि त्या गाठीवर पेशी चढून दोन्ही टोकं जोडतात. एसीएल सांध्याच्या आत, वंगणात बुडालेली. तिथे ती गाठ टिकतच नाही, विरघळते. टोकं समोरासमोर लोंबकळत राहतात. पूर्वी नुसते टाके घालून शिवायचे, पुष्कळदा पुन्हा सुटायची, म्हणून ती पद्धत मागे पडली.

बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातल्या मार्था मरे यांनी ठरवलं की ती गाठच टिकवून बघायची. डुकरांवर काम केलं. टाके घालून नुसता कोलॅजेनचा स्पंज ठेवला: उपयोग नाही. टाके आणि नुसतं पीआरपी: तेही नाही. तो निबंध २००९ चा आहे आणि त्याच्या मथळ्यातच लिहिलंय की एकटं पीआरपी पुरेसं नाही. दोन्ही एकत्र केली, म्हणजे स्पंज रक्तातल्या प्लेटलेटने भिजवून तुटलेल्या टोकांमध्ये बसवला, तेव्हा लिगामेंट भरली. स्पंजमुळे गाठ वाहून गेली नाही आणि प्लेटलेटमुळे पेशींना बोलावणं गेलं.

त्याहून मोठी गोष्ट त्यांना वर्षभराने दिसली. ग्राफ्ट घातलेल्या डुकरांच्या गुडघ्यातली कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) वर्षात झिजलेली होती. स्पंजवाल्यांची बरीच शाबूत. ग्राफ्टने गुडघा स्थिर होतो, पण पुढे संधिवाताची शक्यता राहतेच, हे माणसांतही माहीत आहे. म्हणून हा निकाल महत्त्वाचा वाटला.

माणसांत २०१५ पासून सुरुवात झाली, आधी दहा जण. मग शंभर जणांची तुलना : ६५ जणांना स्पंज, ३५ जणांना ग्राफ्ट. दोन वर्षांनी गुडघ्याची स्थिरता आणि रुग्णाचं समाधान दोन्हीकडे जवळपास सारखं. पुन्हा ऑपरेशन लागणाऱ्यांचं प्रमाण मात्र स्पंजवाल्यांत १४ टक्के आणि ग्राफ्टवाल्यांत ६ टक्के होतं. फरक लहान गटातला आहे, तरी नजरेआड करू नये. अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये मंजुरी मिळाली, ती तेव्हा दुखापतीनंतर ५० दिवसांच्या आत आणि हाडांची वाढ पूर्ण झालेल्यांसाठी. स्पंज गाईच्या ऊतकातल्या कोलॅजेनचा असतो, हे आपल्याकडे काहींना आधी माहीत असायला हवं. कूर्चा डुकरांसारखी माणसांतही शाबूत राहते का, हे कळायला दहा-पंधरा वर्षांची वाट बघावी लागते.

मुलीचं विचारायचं तर पूर्ण तुटलेल्या एसीएलसाठी नुसतं पीआरपीचं इंजेक्शन कुणी सुचवलं, तर दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाचं मत जरूर घ्या.

नागपूरकर_७१

डॉक्टर, आमच्या लॅब्राडॉरची हीच लिगामेंट गेली आणि व्हेटने हाड कापून प्लेट बसवायला सांगितली. ग्राफ्टचं नावच काढलं नाही. कुत्र्यांवर एवढे प्रयोग झाले तर कुत्र्यालाच ग्राफ्ट का नाही?

पशुवैद्य_सातारा

काका, तुमच्या व्हेटने बरोबर सांगितलंय. कुत्र्यांत ग्राफ्ट करून झालेत. फिनलंडच्या पात्सामा यांनी १९५२ मध्ये मांडीवरच्या पांढऱ्या पडद्याची पट्टी घेऊन कुत्र्याची लिगामेंट केली होती. पण कुत्र्याच्या नडगीचा माथा मागे बराच उतरता असतो, पंचवीस अंशांच्या आसपास. माणसाचा दहाच्या आत-बाहेर. कुत्रा पाय टेकतो तेव्हा मांडीचं हाड त्या उतारावरून मागे घसरू बघतं आणि लिगामेंट प्रत्येक पावलाला ताणली जाते. त्यामुळे ती एका झटक्यात तुटण्याऐवजी बहुधा झिजत झिजत जाते. नवी दोरी त्याच उतारावर बसवली तर तिचीही तीच गत. म्हणून स्लोकम यांनी १९९३ मध्ये उलटा विचार मांडला: माथा गोलाकार कापून फिरवा आणि उतारच कमी करा. त्याला टीपीएलओ म्हणतात. दुसऱ्या पायावरही लक्ष ठेवा आणि वजन वाढू देऊ नका.

माणसासाठी कुत्रा वापरताना हाच फरक आडवा येतो. आकाराने आणि लिगामेंटच्या वापराने शेळी, मेंढी, डुक्कर जवळचे पडतात.

सुनीता_कोल्हापूर

धाकट्या भावाची गोष्ट लिहू का नको, असं करत होते. त्याचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालं. पाचव्या महिन्यात प्रशिक्षकांनी सांगितलं की फक्त पाच मिनिटं उतर, संघ अडचणीत आहे. आम्हीही नाही म्हटलं नाही, त्याला चालताना बघून आम्हाला तो बराच वाटत होता. तिसऱ्याच मिनिटाला तोच गुडघा गेला. दुसऱ्या ऑपरेशनला दुसऱ्या पायातून टेंडन घ्यावा लागला. आता दोन्ही पाय अधू वाटतात म्हणतो. तेव्हा कुणी ही मेंढ्यांची गोष्ट सांगितली असती तर मी त्याला घराच्या दारातच अडवलं असतं.

दुसऱ्या ऑपरेशननंतर आता त्याला आठवा महिना चालू आहे. अनघाताई, ती एका पायावरची उडी घरी मोजता येते का?

अनघा_फिजिओ

सुनीता, घरी नको. पहिली उडी समोर कुणीतरी जाणकार असतानाच. दुसऱ्या ऑपरेशनला आणखी सावकाश जायचं असतं, आणि त्याचा दुसरा पायही टेंडन दिलेला असल्यामुळे तुलनेला धड पाय राहिलेला नाही. म्हणून फिजिओला विचार की दोन्ही पायांची ताकद वजनाच्या प्रमाणात मोजून देता का. ती मापं लिहून आण, मी बघते.

पशुवैद्य_सातारा

सुनीता ताई, भावाला माझा नंबर हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. भाचा म्हणतोय मी त्याच्याशी बोलतो. कालपासून त्याने मैदानाचा विषय काढलेला नाही, संध्याकाळी जिन्यावर धावतही नाही, एकेक पायरी मोजत चढतो आणि भिंतीला पाठ लावून बसका मारतो. बोकडाचा तो सांधा मात्र त्याने अजून टाकू दिलेला नाही, मिठाच्या पाण्यात ठेवलाय. शनिवारी संघातली दोन मुलं बघायला येणार आहेत.